कोलमन की मॅक्गी? १९८५ च्या कार्डिनल्समधला खरा बेसचोर कोण?

नव्वदफूट

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, इथे सेंट लुईसमध्ये लिटल लीग बेसबॉल खेळतो. पळायला चांगला चपळ आहे, पण त्याच्या वयोगटात बॉल बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय बेस सोडायचा नाही असा नियम आहे. त्यामुळे बिचारा बेसला पाय चिकटवून नुसता थरथरत उभा असतो. परवा शेजारचे आजोबा (सत्तरी ओलांडलेली, इथल्या कार्डिनल्स टीमचे कट्टर भक्त) कुंपणाशी येऊन त्याला म्हणाले, "आमच्याकडे असे दोघं होते, एकाच टीममध्ये." मग पाऊण तास आम्ही तिघं तिथेच. भाजी करपली, तो भाग वेगळा.

ते दोघं म्हणजे विन्स कोलमन आणि विली मॅक्गी. साल १९८५.

बेसबॉलची सवय नसलेल्यांसाठी थोडक्यात: पहिल्या बेसवर उभा असलेला रनर, बॅटरने बॉल मारायची वाट न बघता, पिचर बॉल टाकायला लागला की दुसऱ्या बेसकडे धूम ठोकू शकतो. अंतर ९० फूट. कॅचर बॉल पकडून दुसऱ्या बेसवर फेकतो. बॉल हातात असलेल्या फिल्डरने रनरला आधी टेकवलं (यालाच टॅग म्हणतात) तर आउट, नाहीतर बेस चोरला. खरंच 'चोरला' असंच म्हणतात.

कोलमनचा तो पहिलाच सीझन. एप्रिलमध्ये टीममधले लोक जखमी होते म्हणून खालच्या लीगमधून तात्पुरता बोलावलेला पोरगा. त्याने ११० बेस चोरले, २५ वेळा पकडला गेला. नवख्या खेळाडूचा आधीचा विक्रम ७२ चा होता. मॅक्गीने त्याच सीझनमध्ये ५६ चोरले, १६ वेळा पकडला गेला. अख्ख्या टीमच्या चोऱ्या ३१४! होमरन (एकाच फटक्यात चारही बेस पार, बहुतेकदा बॉल मैदानाबाहेर) मात्र सगळ्यांचे मिळून फक्त ८७. मॅनेजर व्हायटी हर्झॉगचा खाक्याच तो होता: मोठ्ठं मैदान, कृत्रिम हिरवळ, जमिनीलगत बॉल मारा आणि पळत सुटा. १०१ मॅचेस जिंकले.

माझ्या मते ११० विरुद्ध ५६ यात वाद कसला? पण आजोबा म्हणतात, मॅक्गी जास्त वेगवान होता, त्याला पळू दिलं असतं तर बघितलं असतंस. म्हणून हा धागा. दोघांना तोच पिचर, तोच कॅचर आणि पुढचा बेस रिकामा दिला, तर जास्त कोण चोरेल?

मध्येच_बोलतो

एकशेदहा चोऱ्या आणि पंचवीस वेळाच पकडला गेला? आमच्या गल्लीतल्या सायकलचोराचा रेकॉर्ड याहून चांगला आहे.

बोरिवलीकर काका

लेख आवडला, पण मला हे पचत नाही. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर बॉल टाकायच्या आधी क्रीज सोडतो तेव्हा आपण त्याला लबाड म्हणतो. १९४७ साली सिडनीला विनू मंकडने बिल ब्राउनला तसा धावबाद केला, तर उलट मंकडचंच नाव बदनाम झालं. आणि इथे चोराच्या नावाने विक्रम?

नव्वदफूट

काका, इथे दोघांनाही मोकळीक आहे ना. रनर बेसपासून दहा-बारा फूट पुढे सरकून उभा राहतो, त्याला लीड म्हणतात. पिचरही वाटेल तेव्हा गर्रकन वळून पहिल्या बेसकडे बॉल फेकतो. मंकडने केलं ते इथे एकेका डावात चार वेळा होतं आणि कुणी नाक मुरडत नाही. निम्मा खेळ तर तिथेच असतो.

अंजली_जर्सी

नव्वदफूट, मी न्यूयॉर्क मेट्सची. १९८५ मध्ये आम्ही ९८ जिंकून घरी बसलो ते तुमच्या या माकडउड्यांमुळे, त्यामुळे बोलायचा हक्क माझाही आहे. मी तुमच्या आजोबांच्या बाजूने.

मॅक्गीचे त्या सीझनचे ट्रिपल मोजा. १८, लीगमध्ये सर्वात जास्त. कोलमनचे १०, आणि तेही मॅक्गीपेक्षा जास्त वेळा बॅटिंगला येऊन. ट्रिपल म्हणजे बॉल मारल्यावर सलग तीन बेस, २७० फूट, दोन वळणं घेत. तिथे लबाडी चालत नाही, निव्वळ पाय लागतात. मॅक्गी चालायचा कसा, तर मान खाली, खांदे पडलेले, जणू आत्ताच कुणीतरी ओरडलंय. पण बॉल फटीतून गेला की दुसरा बेस ओलांडताना माणूस वाटायचा नाही. बॅटिंग ॲव्हरेज .३५३ (म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३५३ हिट), लीगमध्ये पहिला, वर एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू. आणि यँकीजनी त्याला बॉब साइक्स नावाच्या पिचरच्या बदल्यात देऊन टाकला होता! न्यूयॉर्कमधली ती दुसरी टीम असलं काही करते तेव्हा मला फार बरं वाटतं.

पाटीवरची

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण मी सांगलीकडे शाळा-कॉलेजात आठ वर्षं खो-खो खेळले आहे, म्हणून लुडबुड करते.

अंजलीताई, सलग पळण्यातला वेग आणि सुटण्यातला वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्यात एक मुलगी होती, शंभर मीटरला जिल्ह्यात पहिली. पाटीवरून उठायला तिला इतका वेळ लागायचा की समोरची गडी दोन पाट्या पुढे. दुसरी एक बुटकी होती, शर्यतीत कधी नंबर नाही, पण खो मिळाला की स्प्रिंगसारखी. सर म्हणायचे, समोरच्याचं तोंड बघू नका, कंबर बघा. तोंड हुलकावणी देतं, कंबर खोटं बोलत नाही.

माझा प्रश्न: तुमचा हा चोर पिचरचं काय बघतो?

नव्वदफूट

ताई, नेमकं तेच विचारलंत. टाच बघतो.

उजव्या हाताच्या पिचरची पाठ साधारण पहिल्या बेसकडे असते. त्याला वळून पहिलीकडे फेकायचं असेल तर आधी मागचा, म्हणजे उजवा पाय हलवावा लागतो. पुढचा डावा पाय आधी उचलला की मग त्याला बॅटरकडेच टाकावं लागतं. तसं न करता पहिलीकडे वळला तर तो 'बॉक', रनरला पुढचा बेस फुकट. म्हणजे डावी टाच उचलली गेली की सुटायचं, उजवी हलली की परत उडी. हा सगळा निर्णय डोळ्याचं पातं लवायच्या आत. डावखुरा पिचर मात्र रनरकडे तोंड करून उभा असतो, आणि तोच उचललेला पाय दोन्हीकडे नेऊ शकतो. तिथे भले भले फसतात.

हिशेब असा: पिचरला बॉल घरी, म्हणजे बॅटरजवळच्या होम प्लेटवर, पोचवायला साधारण १.३ सेकंद. कॅचरला पकडून दुसऱ्या बेसवर पोचवायला साधारण २. म्हणजे चोराकडे ३.३ सेकंद, लीड सोडून उरलेल्या पंचाहत्तर-ऐंशी फुटांसाठी. पहिल्या दोन पावलांत दशांश सेकंद घालवला की पुढे कितीही वेगात पळा, टॅग ठरलेला.

याच शहरात कोलमनच्या आधी लू ब्रॉक होऊन गेला. १९७४ ला ११८ चोऱ्या. तो स्टॉपवॉच घेऊन पिचरची वेळ मोजायचा आणि छोट्या ८ मिमीच्या मूव्ही कॅमेऱ्याने त्यांचं शूटिंग करून घरी अभ्यास करायचा. चोरी म्हणजे पाय नव्हे, वाचन आहे, हे इथल्या लोकांना तेव्हापासून माहीत आहे.

पाटीवरची

अगदी आमच्यासारखं झालं की! खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की उलटं फिरता येत नाही, फिरला की फाउल. पळणारा त्याच क्षणाची वाट बघत असतो. त्याचे खांदे वळले रे वळले की आपण विरुद्ध बाजूला. तुमचा बॉक तोच.

मग माझं मत कोलमनला. ११० वेळा टाच बरोबर वाचली म्हणजे चेष्टा नाही.

आकडेमोड

थांबा, मत देण्याआधी कुणी संधी मोजल्या का? पहिल्या बेसवर आलातच नाही तर चोरणार काय?

१९८५, अगदी ढोबळ हिशेब. कोलमनचे हिट (बॉल मारून बेस गाठला ते) १७०, त्यातून २० डबल (दोन बेसचे), १० ट्रिपल, १ होमरन वजा केले की एका बेसचे १३९. शिवाय ५० वॉक (पिचरच्या चार वाईट बॉलवर फुकट मिळालेला पहिला बेस). म्हणजे पहिल्या बेसवर साधारण १८९ वेळा. मॅक्गीचे हिट २१६, त्यातून २६ डबल, १८ ट्रिपल, १० होमरन वजा केले की १६२. वॉक ३४. एकूण १९६ वेळा.

बघा, मॅक्गी उलट सात वेळा जास्तच आला! (चुकीने मिळालेले बेस वगैरे धरलेले नाहीत, आणि खालच्या प्रयत्नांत तिसऱ्या बेसच्या चोऱ्याही आहेत, याची मला कल्पना आहे.) कोलमनचे प्रयत्न १३५, मॅक्गीचे ७२. शंभर संधींमागे एक ७१ वेळा सुटतो, दुसरा ३७ वेळा. यश कोलमनचं ८१.५ टक्के, मॅक्गीचं ७७.८. दुप्पट वेळा पळूनही टक्केवारी वरचढ, आणि तीसुद्धा पूर्ण स्टेडियमला माहीत असताना की हा आता पळणार. मॅक्गी निवडक वेळा पळायचा, म्हणजे सोपे पिचर निवडायचा, तरी मागेच. अंजलीताई, माफ करा.

अंजली_जर्सी

आकडेमोड साहेब, आकडे बरोबर, पण पट बघितला नाहीत.

कोलमन बॅटिंगला पहिला, मॅक्गी दुसरा. कोलमन पहिल्या बेसवर आला की त्याच्या पुढे काय? मोकळं रान. मॅक्गी पहिल्या बेसवर आला की त्याच्या पुढे काय? बऱ्याचदा दुसऱ्या बेसवर कोलमन ठाण मांडून बसलेला! घरात माणूस असताना चोरी कशी करणार? तो तिसरीकडे पळाला तरच याला पाऊल उचलता येतं. तुमच्या १९६ मधल्या अशा किती वेळा वजा कराल?

शिवाय मॅक्गीच्या मागे टॉमी हर आणि त्याच्या मागे जॅक क्लार्क, त्या टीममधला एकुलता एक दणकट हात. क्लार्क येणार असताना दुसऱ्या बेसवर आउट होऊन डाव संपवला तर हर्झॉगने कान उपटले असते. हरने त्या वर्षी अवघ्या ८ होमरनमध्ये ११० धावा घरी आणल्या, त्या कुणाच्या पायांवर? बेसवर शाबूत उभ्या असलेल्यांच्या. मॅक्गीचं काम चोरणं नव्हतंच, उपलब्ध असणं होतं.

आणि मॅक्गीच्या हातात बॅट असताना? कोलमनला पळायला वेळ मिळावा म्हणून चांगले बॉल सोडून द्यायचे. तरी .३५३.

नव्वदफूट

अर्ध मान्य. पण कोलमनचा मॅक्गीला फायदाही झाला, तो धरा. पहिल्या बेसवर चोर उभा असला की फर्स्ट बेसमनला बेसला चिकटून राहावं लागतं, उजवीकडे भलंमोठं भगदाड पडतं. मॅक्गी दोन्ही हातांनी खेळणारा, डावीकडून उभा राहिला की ते भगदाड नेमकं त्याच्या पट्ट्यात. शिवाय चोराच्या धास्तीने पिचर सरळ वेगवान बॉल जास्त टाकतो, कारण हळू वळणारा बॉल म्हणजे चोराला जास्तीचा वेळ. त्या .३५३ मध्ये थोडा वाटा कोलमनच्या टाचांचाही आहे.

बोरिवलीकर काका

मैदानाचा काही प्रश्न? कबड्डी मातीवर आणि मॅटवर वेगळी होते, तसं?

नव्वदफूट

काका, मोठा प्रश्न. कार्डिनल्सच्या बुश स्टेडियमला तेव्हा कृत्रिम हिरवळ होती, माती फक्त बेसच्या भोवती घसरण्यापुरती. पाय रुततच नाही. उन्हाळ्यात मात्र ती तव्यासारखी तापायची. नैसर्गिक मैदानांवर यजमान लोक काय काय करायचे! १९६२ मध्ये डॉजर्सच्या मॉरी विल्सने १०४ चोरले, तर सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांनी पहिल्या बेसजवळची माती पाणी मारून चिखल करून ठेवली होती. प्लॅस्टिकवर पाणी ओतून काय होणार?

मध्येच_बोलतो

कोलमन म्हणजे हाच ना तो, जो ताडपत्रीखाली सापडला? कुठेतरी वाचलं होतं, थाप वाटली.

नव्वदफूट

थाप नाही. १३ ऑक्टोबर १९८५. लीगच्या अंतिम मालिकेतली डॉजर्सविरुद्धची चौथी मॅच सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. पावसाची चिन्हं म्हणून मैदान झाकायची यांत्रिक ताडपत्री सुरू केली. मोठा रूळ आपोआप गडगडत पुढे येतो, तसा तो आला आणि पाठमोऱ्या कोलमनच्या डाव्या पायावर चढला. हाडाला तडा. सीझन संपला. आजोबा ही गोष्ट सांगताना अजून हसत नाहीत.

ती मॅच १२–२ ने जिंकले, त्याच्या जागी आलेल्या टिटो लँड्रमने चार हिट मारले. पण पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये (विजेतेपदाच्या शेवटच्या मालिकेत) कॅन्सस सिटीविरुद्ध अख्ख्या टीमचं ॲव्हरेज .१८५, सात मॅचमध्ये १३ धावा. सहाव्या मॅचमधल्या पंचाचा विषय कृपया इथे काढू नये, आमच्या गल्लीत तो अजून ज्वलनशील आहे.

आकडेमोड

अंजलीताईंचा पट मान्य. पण मग पुढची वर्षं बघू. १९८६ मध्ये कोलमनचं ॲव्हरेज .२३२, म्हणजे बॅटिंग गाळात. बेसवर येण्याचं प्रमाण जेमतेम .३०१. तरी १०७ चोरले, आणि पकडला गेला फक्त १४ वेळा! ८८ टक्के. १९८७ मध्ये १०९. सुरुवातीचे तिन्ही सीझन शंभरच्या वर नेणारा दुसरा कुणी नाही. पुढे १९८८ ते ८९ मध्ये सलग ५० चोऱ्या न पकडला जाता.

उलट मॅक्गी १९८७ मध्ये १०५ धावा घरी आणतो आणि चोऱ्या १६. त्याची इच्छाच वेगळीकडे होती.

अख्खी कारकीर्द: कोलमन ७५२, मॅक्गी ३५२.

अंजली_जर्सी

इच्छा की नेमणूक? पण बरं, १९८६ च्या त्या १४ वर माझ्याकडे उत्तर नाही. त्या वर्षी आम्ही वर्ल्ड सिरीज जिंकलो, तेवढं नोंदवून ठेवते.

टचडाऊन_ठाणे

आता २०२३ पासून बेस १५ इंचांचे १८ इंच केलेत, पहिला-दुसरा बेस साडेचार इंच जवळ आले, आणि पिचरला एका बॅटरमागे दोनदाच रबर (तो ज्या पट्टीवर पाय ठेवून बॉल टाकतो ती) सोडता येतं. तिसऱ्यांदा पहिलीकडे फेकून रनर सापडला नाही की बॉक. २०२२ ला सगळ्या लीगमध्ये २,४८६ चोऱ्या, २०२३ ला ३,५०३. या नियमांत कोलमनने १५० नक्की मारले असते.

नव्वदफूट

कदाचित. पण एवढं सगळं सोपं करूनही कोलमनच्या १९८७ नंतर शंभरी कुणी गाठलेली नाही. २०२३ मध्ये सगळ्यात पुढे अकुन्या होता, ७३ वर. आजचे मॅनेजर आउट व्हायला फार घाबरतात.

आता शेवटची एक. ही आजोबांनी परवा सांगितली आणि मी नंतर पडताळून बघितली. १ ऑगस्ट १९८५, शिकागो कब्जविरुद्ध. कोलमन दुसऱ्या बेसवर, मॅक्गी पहिल्या. दोघं एकदम सुटले. कोलमन तिसऱ्या बेसवर इतक्या जोरात घसरत गेला की बेस ओलांडून पलीकडे! परत फिरलं तर टॅग. मग उठला आणि सरळ घराकडे पळत सुटला, आणि घर राखायला कुणीच नाही. हा गोंधळ चालू असताना मॅक्गी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. एका पिचवर चार बेस चोरल्याची नोंद झाली.

पाटीवरची

म्हणजे एकाची चूक झाली, ती त्याने धाडसाने निभावली, आणि दुसऱ्याने डोकं शांत ठेवून मिळेल ते घेतलं. मला दोघं इथेच कळले. तरी मत कोलमनलाच!

नव्वदफूट, मुलाला बेसवरून लीड घेता येत नाही ना? मग त्याला खो-खोच्या पाटीवरची बैठक शिकवा. एक पाय टेकलेला, वजन पुढच्या चवड्यावर, हात जमिनीजवळ. आणि डोळे टाचेवर.

मध्येच_बोलतो

आणि ताडपत्रीपासून लांब ठेवा.

नव्वदफूट

ताई, काल संध्याकाळी अंगणात करून बघितलं. मी पिचर. आजोबा कॅचर, गुडघ्यांमुळे बसता येत नाही म्हणून बागेतल्या खुर्चीवर. बेस म्हणून जुनी पायपुसणी. अंगणात लिटल लीगचा नियम लागू नाही, म्हणून लीडसुद्धा घेऊ दिला. चिरंजीव सात वेळा सुटले, मी एकदाही पकडू शकलो नाही. पिकऑफलाही (मी वळून पहिलीकडे फेकलं तेव्हाही) दर वेळी वेळेवर परत.

म्हटलं वा, टाच वाचायला शिकला. विचारलं तर म्हणाला, "टाच नाही बघितली बाबा. पहिलीकडे फेकायच्या आधी तुम्ही ओठ चावता."